मी अपघाताची गाडी नाही

मी एक गाडी आहे आणि मी कुणालाही मारलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण या गल्लीत माझ्याकडे बोट दाखवून वेगळंच सांगितलं जातं. मागच्या महिन्यात दोन बायका फाटकापाशी थांबल्या. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं, दुसरीनं "अगं बाई!" म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि दोघी भराभर पुढे निघून गेल्या. जणू मी उठून अंगावर धावून जाणार होते. कशी धावणार? माझी मागची दोन्ही चाकं काढलेली होती. पत्र्याच्या शेडखाली, मागचा भाग दोन लोखंडी घोड्यांवर टेकवून मी दीड वर्ष उभी होते. बॅटरी मेलेली, काचांवर धुळीचा थर, डाव्या आरशात कोळ्याचा संसार. अशा गाडीला खुनी म्हणायला लोकांना काही वाटत नाही!

दिसायला मी साधीच. राखाडी रंग, पाच दारं, चार पिशव्या मावतील एवढी डिकी. पण माझ्या इंजिनाला टर्बो आहे. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारं, मुठीएवढं एक चक्र. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करू लागतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती मला स्वतःला फार आवडते. माणसांनी मात्र तिचा एकच अर्थ घेतला. ही पळते. आणि पळते म्हणजे मारते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या रांगेच्या शेवटी एक बाई उभी असायची. हातात पांढरा सुती मोजा घालून ती प्रत्येक गाडीच्या अंगावरून, दारांच्या फटींवरून तळहात फिरवायची. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तिच्या हाताला कळायचा. माझ्या एका दारापाशी ती थांबली, पुन्हा हात फिरवला, आणि मान हलवून पुढच्या गाडीकडे वळली. तेवढीच आमची ओळख. इतक्या शांतपणे मला पुन्हा कुणी तपासायला बरीच वर्षं जावी लागली.

पहिली मालकीण डोळ्यांची डॉक्टर. "जोर हाताशी असावा, रोज वापरायला नको," असं ती विकणाऱ्याला म्हणाली होती, आणि तशीच वागली. ट्रक ओलांडताना मला जरा मोकळं सोडायची, एरवी गाणी ऐकत जायची. लांबून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. टर्बो थंड होईपर्यंत मिनिटभर इंजिन चालू ठेवून बहिणीला फोन करायची, "पोचले गं." सहा वर्षांत एकदाही तिनं मला दुखवलं नाही. मग तिची पाठ धरली आणि तिनं बसायला उंच अशी गाडी घेतली.

दुसऱ्याला मी हिरो म्हणायचे. तो व्यायामशाळेत लोकांना दंड पिळदार करायला शिकवायचा. माझं काय करावं हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गाडी बुटकी दिसावी म्हणून त्यानं माझ्या स्प्रिंगा ग्राइंडरनं कापल्या. कापल्या! नव्या घेतल्या नाहीत, जुन्यांचे दोन-दोन वेढे उडवले. मग प्रत्येक खड्ड्यात माझं पोट आपटायला लागलं की शिव्या मलाच. मागे नळकांड्याएवढा सायलेन्सर लावला, त्यानं वेग कणभर वाढला नाही, फक्त कुत्री भुंकायला लागली. ऑइल बदलायचं तर नावच नको. उन्हातान्हात पिटाळून आणायचा आणि खाडकन बंद करायचा. टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून त्याचा कोळसा झाला, आणि एक दिवस मागून निळा धूर निघाला. तेव्हा हा मित्रांना म्हणतो कसा, "कंपनीचा मालच बेकार आहे रे."

यानंतर जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेले. त्यानं माझे किलोमीटर मागे फिरवले. एका दुपारी बसून माझ्या आयुष्यातली चार वर्षं पुसून टाकली आणि काचेवर चिठ्ठी लावली: 'लेडी डॉक्टरची गाडी'. अर्धं खोटं हे पूर्ण खोट्यापेक्षा किती चकचकीत दिसतं ते मी तिथं पाहिलं.

आणि मग छोट्या आला.

घरात त्याला छोट्या म्हणायचे, माणूस सहा फूट उंच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचा. मला बघायला तो तीनदा आला. पहिल्यांदा बघून गेला. दुसऱ्यांदा टॉर्च आणून जमिनीवर आडवा झाला आणि माझ्याखाली पाऊण तास पडून राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दलालाला म्हणाला, "पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय, सीटची कड फाटलीय आणि किलोमीटर एवढेसेच? डॉक्टरीणबाई गाडीत राहायच्या का हो?"

दलाल हसला. "घ्यायची तर घ्या साहेब, चेष्टा नको."

"घ्यायचीय. टर्बो गेलाय, स्प्रिंगा कापल्यात, ब्रेक कागदाएवढे उरलेत. त्या भावानं द्या."

अशी मी या घरी आले.

छोट्याचे वडील बस डेपोत ब्रेक विभागाचे प्रमुख होते. चौतीस वर्षं त्यांनी बसचे ब्रेक केले आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मी फाटकातून आत शिरले तेव्हा ते पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते. टर्बो जुनाट होता, शिट्टी मारत होता. आतून आईचा आवाज आला, "अहो, कुकर बंद करा जरा."

"कुकर नाही," वडील म्हणाले. "तुझ्या लेकानं शिट्टी मारणारं भंगार आणलंय." आणि वर्तमानपत्र उलटून आत गेले.

त्यांचा राग माझ्या जुनेपणावर नव्हता. जेवताना खिडकी उघडी असायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "वेगानं काय होतं ते तू बातम्यांत वाचलंयस," ते एकदा छोट्याला म्हणाले. "मी ते डेपोत पाण्याच्या पाइपनं धुतलंय." ताटात चमचा वाजत राहिला.

आता ऐका, हा वेगाचा वेडा काय करत होता ते. तीन वर्षं त्यानं माझा वेग वाढवलाच नाही! त्याचा एक क्रम होता. आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं. जवळ पैसे बेताचे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला सहा-सहा महिने लागायचे. माझ्याच कंपनीची एक वजनदार मोठी गाडी भंगारात पडली होती, तिचे पुढचे ब्रेक त्यानं मिळवले, घरी आणून आईच्या जुन्या टूथब्रशनं घासले, आतली रबरं नवी घातली. माझ्या पुढच्या चाकांना ते हाताच्या मापानं बनवल्यासारखे बसले. त्यानंतर स्प्रिंगा. टर्बो दुरुस्त करून घेतला, पण त्याचा दाब कारखान्यानं ठरवलेल्यापेक्षाही कमी ठेवला. सिग्नलला शेजारून स्कूटर पुढे जायची. मित्र फोनवर हसायचे, "काय रे, रॉकेट सुटलं का?"

"आधी मागचे ब्रेक होऊ दे," छोट्या म्हणायचा.

लाज वाटायची मला, खोटं कशाला बोलू. पण विश्वासही वाटायचा.

त्याला एकच हवं होतं. वडिलांनी एकदा खाली वाकून बघावं. तो सरळ म्हणायचा नाही. पाना हातात घेऊन पायरीपाशी घोटाळायचा. "बाबा, बसला डिस्क घासली की किती जाडीपर्यंत चालवायचात तुम्ही?"

"बसला विचार."

"एकदा नजर टाका ना. दोन मिनिटं."

"चौतीस वर्षं गाड्यांखाली वाकलो. आता नाही वाकणार. आणि हिच्यासाठी तर नाहीच."

छोट्या हसून परत यायचा. पण त्यानंतर माझ्याखाली पडून तो बराच वेळ काहीच काम करायचा नाही. नुसता वर बघत पडून राहायचा. मी त्याला वरून पाहिलंय. मी शपथेवर सांगू शकते.

त्या बुधवारी मी घोड्यांवर होते. आदल्या रविवारी त्यानं मागची चाकं काढली होती, नवे भाग कपड्यात गुंडाळून सीटखाली ठेवले होते. सकाळी ऑफिसला जाताना त्यानं माझ्या छपरावर दोन थापा मारल्या आणि बस पकडायला गेला. साडेअकराच्या सुमारास ऑफिसात तो पाणी प्यायला टेबलावरून उठला आणि खाली बसला, तो उठलाच नाही. डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, ती जन्मापासून कमकुवत होती, कुणालाच कळलं नसतं. छोट्याला चौतिसावं वर्ष चालू होतं.

मी इथं होते. या शेडखाली. दोन चाकांवर.

नंतरचे दिवस घरात माणसं येत-जात होती. येताना प्रत्येकाची नजर माझ्यावर पडायची आणि तिथंच त्यांची समजूत व्हायची. तरणा मुलगा, टर्बोची गाडी, चाकं निखळलेली. आणखी काय पुरावा हवा! "तरी सांगत होतो," असं सांगणारे कितीतरी निघाले, ज्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. एक मावशी दुसरीला म्हणाली, "म्हणून मी आमच्याला सायकलसुद्धा घेऊन दिली नाही." जे आत जाऊन खरं ऐकून यायचे, तेसुद्धा बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. रक्तवाहिनीवर रागावता येत नाही ना कुणाला. ती दिसत नाही. मी दिसत होते.

हे सगळं मी गिळलं. परक्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं?

पण दोन महिन्यांनी विजेचं मीटर बघायला एक माणूस आला. नवा होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, "गाडी कुणाची, मुलाची का? काय करतो मुलगा?"

वडील फाटकाची कडी हातात धरून उभे होते. म्हणाले, "मुलगा गेला. गाडीत गेला."

मीटरवाल्यानं जीभ चावली, मान खाली घातली, आकडा लिहिला आणि गेला. त्यानं पुढे एक अक्षर विचारलं नाही.

मला हॉर्न वाजवता आला असता तर मी सगळी गल्ली उठवली असती. हे कोण बोलत होतं? ज्यानं दवाखान्याच्या कागदावर सही केली, तो बाप! त्यानंतर वडिलांना ती सवयच लागली. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, डेपोतल्या जुन्या मित्राच्या फोनवर तेच चार शब्द. ऑफिसात गेला म्हटलं की लोक विचारत, कसा, आधी काही त्रास होता का, कधी दाखवलं नव्हतं का? गाडीत गेला म्हटलं की गप्प बसत. सोपं पडत असेल. आणि मला वाटतं, तीन वर्षं ते मनातल्या मनात हीच बातमी ऐकायची तयारी करत होते. तयारी एका बातमीची झाली होती आणि आली दुसरीच. तयारी वाया कशी जाऊ द्यायची?

एवढं समजूनही माझा राग गेला नाही. माझी बदनामी तर होतीच, पण माझ्याबरोबर त्याचीही होत होती. तीन वर्षं ब्रेक करणाऱ्या मुलाला त्याचाच बाप गावभर भरधाव पळवत होता.

दीड वर्षानंतर वडिलांनी मला विकायला काढलं. फोनवर सांगताना मी ऐकलं, "हो, अपघाताची आहे. मोडून भाग विका, नाहीतर काहीही करा. मला ती समोर नको."

रविवारी सकाळी दोघं आले. एक चष्मेवाला, शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारा. त्याला त्याच्या जुन्या गाडीत घालायला माझं इंजिन हवं होतं, आणि अपघाताची गाडी स्वस्त मिळते म्हणून तो खूश होता. बरोबर त्याची मोठी बहीण. ताईचं स्वतःचं गाड्यांच्या पत्र्याचं आणि रंगाचं गॅरेज होतं. नखांत पत्र्याचे खड्डे बुजवायची राखाडी लांबी बसलेली, आवाज खणखणीत.

"काका, कुठून लागली होती?" ताईनं विचारलं.

"पुढून."

"बरं." तिनं बॉनेट उघडलं. आत डोकावली. मग माझ्या पुढच्या पत्र्यांना एकेक करून बोटानं टिचकी मारत गेली. खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढून जागोजागी टेकवलं. दारं उघडली, रबरं सोलून आतले सांधे पाहिले. काचांवरचे बारीक आकडे वाचले. चष्मेवाला म्हणाला, "ताई, इंजिन बघ ना, पत्रा कशाला बघतेस?"

"तू गप रे. कळतं का काही?" ती परत पुढे आली. "काका, पुढून म्हणजे किती जोरात?"

"जोरात." वडील पायरीवर उभे होते. "मुलगा गेला त्यात."

ताईनं यंत्र खिशात घातलं. मग हळू म्हणाली, "काका, वीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या सरळ करतेय. ही गाडी कधी कशाला घासलीसुद्धा नाही. बॉनेटचा एक बोल्ट फिरलेला नाही. काचा सगळ्या पहिल्या दिवसाच्या. लोक माझ्यापासून अपघात लपवतात हो. नसलेला अपघात सांगणारे तुम्ही पहिलेच."

"मी सांगतोय ना तुम्हाला..."

"गाडी 'नाही' म्हणतेय."

ही गोष्ट दीड वर्ष मी ओरडून सांगत होते! कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मग बोललं होतं.

त्याच वेळी आई पाण्याचे पेले घेऊन दारात आली होती. "पुढून काय?" तिनं विचारलं. "काय झालं पुढून?"

वडील तिच्याकडे बघायला तयार नव्हते. चष्मेवाल्यानं पेला घेतला आणि न पिता तसाच धरून ठेवला. आईनं ट्रे पायरीवर ठेवला. "अहो, काय सांगितलंत तुम्ही यांना?"

वडील खाली बसले. पायरीवरच, ट्रेशेजारी.

"ऑफिसात गेला तो," ते म्हणाले. "पाणी प्यायला उठला होता. डोक्यात रक्तवाहिनी फुटली. गाडी इथंच होती. चाकं काढून ठेवली होती त्यानं." ते एकेक वाक्य मोजून सांगत होते, जसं काही ती भाषा त्यांना नवी होती. "मी लोकांना सांगत सुटलो. गाडीत गेला म्हणून."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं मला. मी काही बोलले नाही."

ताईनं स्वतःला जे येत होतं ते केलं. टॉर्च घेऊन ती माझ्याखाली शिरली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "काका, तुमचा मुलगा मेकॅनिक होता का?"

"नकाशे काढायचा."

"मग ह्या रेघा कुणी मारल्यात?"

"कसल्या रेघा?"

"प्रत्येक नटावर. पांढऱ्या. नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ. मी गॅरेजात कधी बघितलं नाही असलं काम."

वडील उठले. माझ्यापाशी येऊन त्यांनी एक हात माझ्या दारावर टेकवला, दुसरा गुडघ्यावर, आणि वाकले. गुडघे कडकड वाजले ते सगळ्यांना ऐकू आलं. मग जमिनीवर आडवे झाले आणि ताईच्या शेजारी सरकत आत आले. पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात.

डेपोत ब्रेकचा नट पूर्ण आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची पद्धत असते. नट हलला तर रेघ तुटते, आणि फिरत्या नजरेलाही कळतं की इथं काहीतरी सैल झालंय. वडिलांनी हे छोट्याला कधी शिकवलं नव्हतं. शाळेच्या सुट्टीत तो डबा पोचवायला डेपोत जायचा तेव्हा त्यानं कधीतरी बघून ठेवलं असणार. पुढच्या दोन्ही ब्रेकांच्या प्रत्येक नटावर, स्प्रिंगांच्या प्रत्येक बोल्टावर ती रेघ होती. एकही तुटलेली नव्हती.

वडील एकेका रेघेवरून अंगठा फिरवत गेले. पुढचं डावं चाक. पुढचं उजवं. तिथून मागे सरकले. मागे रेघा नव्हत्या.

"पुढचे झालेत," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता, कामावरचा. "मागचे राहिलेत."

"हो," ताई म्हणाली. "भाग कुठे आहेत?"

"सीटखाली असतील," आई वरून म्हणाली. "कपड्यात गुंडाळलेले. त्यानं ठेवताना मी बघितलं होतं."

ते बाहेर आले तेव्हा चष्मेवाल्यानं चाचरत विचारलं, "काका, मग... इंजिन द्याल का?"

"सुटं इंजिन मिळणार नाही. न्यायची तर गाडी न्या. अख्खी."

"अख्खी मला परवडायची नाही."

"परवडेल. आठ दिवसांनी या. ब्रेक झाल्याशिवाय फाटकाबाहेर सोडणार नाही मी हिला." मग पुन्हा थांबून त्याच्याकडे बोट दाखवलं. "आणि टर्बोचा दाब वाढवायच्या आधी मला फोन करायचा. काय?"

"हो काका."

"तू हो म्हण रे, ऐकणार कोण आहे?" ताई म्हणाली. "मी बघते काका त्याच्याकडे."

सोमवारपासून वडील रोज सकाळी जुनी खाकी पँट घालून माझ्याखाली येतात. गंज घासला, डिस्का पुसल्या, मागचे नवे भाग बसवले. नटावर रेघ मारताना पहिली रेघ वाकडी गेली. त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि पुन्हा मारली. गुरुवारी भिंतीपलीकडून शेजारचे नाना म्हणाले, "अहो, त्या गाडीला हात कशाला लावता? पोरगा खाल्ला तिनं."

वडील माझ्याखालून सरकत बाहेर आले, हातात पाना तसाच. "नाना, तो ऑफिसात गेला. ही तेव्हा घरी होती. मी खोटं सांगितलं होतं, आता खरं सांगतोय. वहिनींनाही सांगा."

नाना "बरं बरं" म्हणत आत गेले. माफी मागायला हवी होती त्यांनी. वडिलांचीही माझ्याकडे एक माफी बाकीच आहे, पण त्यांचे हात काळे झालेले बघते तेव्हा मी ती मागत नाही.

उद्या रविवार. उद्या मी जाईन. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, आणि ते मी रागानंच सांगते. एखाद्या घरापुढे माझ्यासारखी एखादी बुटकी, शिट्टी मारणारी, जुनी गाडी उभी दिसली, तर तिच्या मालकाचं मरण तिथल्या तिथं ठरवून मोकळे होऊ नका. आधी वाका. खाली बघा. कपडे मळतील, मळू द्या. आणि कुणी गेलं असेल तर कसं गेलं ते विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत तिथंच उभे राहा.

आज दुपारी शेवटचं काम झालं. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक खाली. वडिलांनी आईला बोलावलं. ती आजवर माझ्यात कधी बसली नव्हती. पदर खोचून, चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशी आत आली. सीट छोट्याच्या उंचीची, फार मागे. पाय पुरेना. तिनं दांडी शोधली आणि सीट पुढे ओढली.

"दाब," वडील खालून म्हणाले.

"दाबलं."

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

त्यांनी खालचा छोटा नट सैल केला. नळीतून बुडबुडे बाटलीत आले. पेडल तिच्या पायाखाली खोल गेलं. "अहो, हे खाली चाललंय!"

"जाऊ दे. तू धर." नट घट्ट झाला. "आता सोड. पुन्हा दाब."

असं कितीतरी वेळा झालं. एक चाक, मग दुसरं. बुडबुडे कमी होत गेले आणि मग आलेच नाहीत. शेवटच्या वेळी आईनं पेडल दाबलं तेव्हा ते वरच अडलं, दगडासारखं.

"अहो, आता हलत नाही हे."

खालून उत्तर नाही.

"झालं का? सोडू मी?"

वडील माझ्याखाली उताणे पडले होते, छोट्या पडायचा तिथंच, आणि वर बघत होते. आईनं आणखी विचारलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती पेडल दाबून बसून राहिली. मी तिचा भार घेतला. घेता येत होता.

"सोड," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "थांबते आता ही."